ऑपरेशनआधी श्रद्धेचा कागद: काय, केव्हा आणि कोणत्या क्रमाने ठरवायचे

सकाळी आठला पित्ताशयाचे ऑपरेशन. पहाटे सहाला घरचे कुणीतरी देवळातले पंचामृत घेऊन वॉर्डात येते आणि रुग्णाच्या तळहातावर दोन चमचे घालते. साडेसातला भूलतज्ज्ञ विचारतात, “काही खाल्लंत-प्यायलात?” रुग्ण खरे ते सांगतो. ऑपरेशन रद्द होते आणि नव्या तारखेसाठी पुन्हा रांगेत उभे राहावे लागते. हेच पंचामृत आदल्या रात्री जेवणानंतर दिले असते तर कुणाचेच काही बिघडले नसते.

श्रद्धा आणि उपचार यांची टक्कर बहुतेक वेळा अशीच होते. तत्त्वाचा वाद क्वचितच असतो. क्रम चुकलेला असतो, किंवा सांगायचे ते योग्य माणसाला वेळेवर सांगितलेले नसते. त्यावर उपाय म्हणजे रुग्ण काय पाळतो ते एका पानावर लिहून इस्पितळात देणे; हाच श्रद्धेचा कागद. पुढच्या पायऱ्या आधी ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेसाठी आहेत. जीव धोक्यात असेल तर पहिल्यांदा १०८ ला फोन, बाकीचे नंतर.

१. श्रद्धा कुणाची, ते आधी ठरवा

कागदावर रुग्णाची श्रद्धा यायला हवी. थोरल्या भावाची किंवा घराण्याच्या भटजींची आली तर ती संमतीपत्राच्या वेळी अडचणीत आणते. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली प्रकरणात हा मुद्दा निकालात काढला आहे. रुग्ण महिला तपासणीसाठी भुलेत असताना डॉक्टरांनी तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय काढले होते. न्यायालयाने ती संमती ग्राह्य धरली नाही. रुग्ण सज्ञान आहे, थोड्या वेळाने शुद्धीवर येणार आहे आणि जिवाला तातडीचा धोका नाही, तर तिलाच विचारले पाहिजे.

रुग्णाशी एकट्याने दहा मिनिटे बोला. घरची माणसे भोवती असताना उत्तर बदलते, म्हणून एकट्यानेच. तीन प्रश्न पुरतात: तुम्ही स्वतः काय पाळता? काय अजिबात चालणार नाही? आणि जिवावर बेतले तर त्यातले काय सोडायला तयार आहात? तिसरा प्रश्न लोक टाळतात आणि नेमका तोच पुढे कामी येतो. जन्मभर कडक शिवराक, म्हणजे शाकाहार, पाळलेल्या आजी “औषध ते औषध” म्हणून मोकळ्या होतात. नातू मात्र कॅप्सूलवरून वॉर्डात भांडत बसलेला असतो.

सिस्टर आणि डॉक्टरांसाठी: आडनावावरून किंवा केसपेपरवरच्या धर्माच्या रकान्यावरून अंदाज बांधू नका. सोमवारी शिवराक पाळणारा माणूस मंगळवारी इसवणाची, म्हणजे सुरमई माशाची, कढी मागतो. विचारा आणि उत्तर त्याच्याच शब्दांत लिहा.

तपासा: रुग्ण १८ वर्षांवरचा आणि शुद्धीवर असेल तर कागदावर सही त्याची स्वतःची आहे ना? मुलांच्या बाबतीत पालक सही करतात, पण मुलाच्या जिवावर बेतलेल्या तातडीच्या वेळी पालकांचा धार्मिक नकार हा शेवटचा शब्द ठरेल असे धरून चालू नका.

२. एका पानावर लिहा, नेमके लिहा

कागद एकच पान असावा. दुसरे पान कुणी वाचत नाही. वर नाव, वय, केसपेपर क्रमांक आणि ॲलर्जी. खाली या गोष्टी:

- आहार, वार आणि तिथीसह
- प्राण्यांपासून बनलेली औषधे चालतात की नाहीत
- रक्त आणि रक्तघटक चालतात की नाहीत
- अंगावरच्या न काढायच्या वस्तू
- तपासणीबाबत अट, उदाहरणार्थ महिला डॉक्टर
- कोणता विधी, कोण करणार, त्या माणसाचा फोन
- रुग्ण बोलू शकला नाही तर कुणाला विचारायचे

“आम्ही शुद्ध शाकाहारी, कृपया लक्ष द्यावे” या ओळीचा भूलतज्ज्ञाला काहीच उपयोग नाही. ती अशी लिहा: “डुकरापासून बनलेले औषध पर्याय असल्यास नको. पर्याय नसेल आणि जिवाला धोका असेल तर चालेल, फक्त आधी मला सांगावे.” पर्याय, धोका आणि कळवणे या तिन्ही गोष्टी त्यात आल्या.

महिला डॉक्टर हव्यात असे लिहिताना त्याखाली दुसरा पर्यायही द्या. रात्रीच्या पाळीला त्या नसतील तर पुरुष डॉक्टर तपासत असताना दुसरी महिला हजर असावी, हा रुग्णाचा मान्य हक्क आहे आणि तो कुठल्याही इस्पितळात मागता येतो.

कागदाच्या तीन प्रती करा: एक केसपेपरला, एक भूलतज्ज्ञांना, एक घरच्यांकडे. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवून थांबू नका. गोव्यातल्या बांबोळीसारख्या मोठ्या सरकारी इस्पितळात पाळी बदलते, माणसे बदलतात, केसपेपर तेवढा रुग्णाबरोबर फिरतो.

श्रद्धा डॉक्टरांनाही असते, इस्पितळालाही असते. मिशनरी संस्थांच्या काही इस्पितळांत नसबंदी आणि गर्भपात होत नाहीत. सिझेरियनबरोबरच नसबंदी करून घ्यायची असेल तर हा प्रश्न पहिल्या भेटीत विचारायचा, नवव्या महिन्यात नव्हे. डॉक्टरांसाठीचा नियम वेगळा आहे. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे वैद्यकीय कारण असताना नसबंदी, गर्भनिरोधन, सुंता किंवा गर्भपात यांना केवळ धर्माच्या कारणावरून नकार देता येत नाही. आपण त्या कामात पुरेसे तरबेज नाही असे डॉक्टरांना वाटत असेल तरच ते नाही म्हणू शकतात.

३. औषधात काय असते, ते आठवडाभर आधी विचारा

भूलपूर्व तपासणीच्या दिवशी हा प्रश्न निघाला तर उत्तर मिळते. ऑपरेशन थिएटरच्या दारात निघाला तर उत्तर एकच असते: “आता वेळ नाही.” विचारायच्या वस्तू या:

हेपारिन आणि एनोक्सापॅरिन, म्हणजे रक्त गोठू नये म्हणूनची इंजेक्शने. दोन्ही सहसा डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून बनतात. फोंडापॅरिनक्स हे पूर्णपणे कृत्रिम औषध पर्याय म्हणून आहे. पण त्याचा असर लांबतो, रक्तस्राव झाला तर त्यावर थेट उतारा नाही आणि मूत्रपिंड फार कमजोर असेल तर ते देत नाहीत. म्हणून पर्याय आहे एवढ्यावर हट्ट धरू नका. आपल्या रुग्णाला तो चालतो का, ते विचारा.

जिलेटीन. कॅप्सूलचे कवच, काही लसी आणि रक्तस्राव थांबवायचा स्पंज यांत ते असते. येते गाईपासून किंवा डुकरापासून, त्यामुळे हिंदू, मुस्लिम आणि जैन अशा तिघांचाही प्रश्न इथे एकाच ठिकाणी येतो. बऱ्याच औषधांची गोळी किंवा पातळ औषधही मिळते.

हृदयाची झडप. जैविक झडप डुकराची किंवा गाईबैलांच्या हृदयावरणाची असते. धातूची घेतली तर रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर आणि नियमित रक्ततपासणी. हा निर्णय दोन-तीन भेटींत घ्यायचा असतो.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे सरफॅक्टंट, म्हणजे फुप्फुसे उघडायचे औषध. काही ब्रँड डुकराचे, काही गाईचे. इथे थांबायला वेळ नसतो; बाळ लवकर येण्याची शक्यता दिसली की आधीच बोलून ठेवा.

टाक्यांचा कॅटगट धागाही जनावराच्या आतड्याचा असतो, पण कृत्रिम धागे सर्रास मिळतात, त्यामुळे सांगितले की काम झाले. आजचे मानवी इन्शुलिन प्रयोगशाळेत जिवाणू किंवा यीस्टकडून बनवून घेतात. “इन्शुलिन डुकराचे असते” ही ऐकीव गोष्ट जुन्या काळची आहे. तिच्यापायी इन्शुलिन थांबवू नका.

सावध: कॅप्सूल घरी फोडून पूड पाण्यात घालून देऊ नका. काही औषधे आतड्यात किंवा सावकाश सुटावीत म्हणून तशी बांधलेली असतात. फोडली की डोस एकदम अंगात जातो, नाहीतर जठरातच वाया जातो.

भटजी, मौलवी किंवा पाद्री यांना विचारायचे असेल तर औषधाचे नाव, ते कशासाठी आणि पर्याय आहे की नाही या तीन गोष्टी डॉक्टरांकडून लिहून न्या. “डुकराचे औषध चालेल का?” या प्रश्नाला सगळीकडे “नाही” येईल. “जीव वाचवायला हेच आहे, दुसरे नाही, चालेल का?” या प्रश्नाला बहुतेक ठिकाणी वेगळे उत्तर मिळते.

४. कौल, मुहूर्त आणि तारीख

क्रम असा: आधी डॉक्टरांना विचारा, “किती दिवस थांबता येईल?” ते उत्तर घेऊन मग देवळात जा. आपल्याकडे होते उलटे. इस्पितळातली तारीख पक्की होते, मग कौल लावतात, म्हणजे देवाच्या मूर्तीला फुलाच्या पाकळ्या चिकटवून होकार-नकार विचारतात. पाकळी डावीकडून पडते, म्हणजे नकार येतो, आणि तारीख फिरवावी लागते. बऱ्याच देवळांत कौल ठरलेल्या वारी आणि ठरलेल्या वेळीच लावतात, तेही हिशेबात धरा. डॉक्टरांनी सहा आठवडे दिले असतील तर त्या सहा आठवड्यांतला कोणता दिवस, एवढेच गाऱ्हाणे घाला. “करू की नको” असे घातलेत तर उत्तराला बांधले जाल.

मोतीबिंदू, गुडघा, साधा हर्निया हे सहसा थांबतात. अडकलेला हर्निया, फुटायला आलेले अपेंडिक्स, नळीतला गर्भ आणि हृदयविकाराचा झटका थांबत नाहीत. लकवा मारला तर गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन पहिली लक्षणे दिसल्यापासून साडेचार तासांत द्यावे लागते. त्याआधी स्कॅनही व्हायचा असतो, म्हणजे घरच्यांच्या हातात वेळ जवळपास नाहीच. गाऱ्हाणे ॲम्ब्युलन्समध्येही घालता येते.

मुहूर्ताचे सिझेरियन: वैद्यकीय कारण नसेल तर ३९ आठवडे पुरे होण्याआधीची तारीख मागू नका. आधी काढलेल्या बाळांना श्वासाचा त्रास जास्त होतो. ३९ आठवड्यांनंतरच्या चार-पाच दिवसांतला दिवस आणि दिवसातली वेळ यावर बोलता येते, तेही कळा सुरू झाल्या नाहीत तर.

५. उपवास आणि रोजे: गोळ्या परस्पर बंद करू नका

मधुमेहाच्या रुग्णाने रमजान किंवा चातुर्मास सुरू होण्यापूर्वी सहा ते आठ आठवडे डॉक्टरांना भेटावे. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांनी उपाशीपोटी साखर धोक्याइतकी उतरते, त्यामुळे डोस आणि वेळ दोन्ही बदलावे लागतात. बोटाला सुई टोचून साखर तपासल्याने रोजा मोडत नाही, हे मधुमेह आणि रमजानविषयक मार्गदर्शनात स्पष्ट दिलेले आहे. ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर साखर गेली तर रोजा तिथेच सोडायचा.

एकादशीची अडचण उलटी आहे. साबुदाण्याची खिचडी, बटाटा आणि रताळे खाऊन साखर चढते आणि माणूस म्हणतो, “मी तर उपाशी होतो.” निर्जळी उपवास आणि लघवी वाढवणारी गोळी ही जोडी वाईट. लिथियम हे मानसिक आजारावरचे औषध घेणाऱ्यांनी निर्जळी करूच नये. अंगातले पाणी कमी झाले की रक्तातले लिथियम वाढते.

सावध: डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या ऑपरेशनच्या किमान तीन दिवस आधी थांबवायच्या असतात. या गोळ्या चालू असताना लांबलेला उपवास घडला तर साखर फारशी न वाढताही रक्तात आम्ल साचते. मळमळ, पोटदुखी आणि धाप लागणे ही त्याची खूण. गोळी थांबवायची, पण डॉक्टरांना विचारूनच.

६. आदली रात्र आणि ऑपरेशनची सकाळ

सगळ्यात जास्त गोंधळ याच पायरीवर होतो. भुलेत पोटातले उलटून फुप्फुसात जाऊ शकते, म्हणून उपाशी राहायचे. तास मोजायचे ते भूल देण्याच्या वेळेपासून मागे:

- तळलेले, मटण, जड जेवण: ८ तास
- हलके खाणे, गाईम्हशीचे दूध: ६ तास
- आईचे दूध: ४ तास
- नितळ पाणी: २ तास

आता देवाचे पदार्थ या यादीत बसवा. पंचामृतात दूध-दही-तूप आहे, म्हणजे ६ तास. पेढा, खडीसाखर, खोबऱ्याचा तुकडा हे खाणेच. तुळशीचे साधे तीर्थ आणि झमझमचे पाणी हे नितळ पाणी, म्हणजे घोटभर आणि २ तास आधीपर्यंत. पंचामृत मिसळलेले तीर्थ पाण्यात मोजू नका. ख्रिस्ती रुग्णांना कम्युनियन, म्हणजे पवित्र भाकर, आदल्या संध्याकाळी घेता येते. कम्युनियनआधीचा एक तासाचा उपवास आजाऱ्यांना लागू नाही, त्यामुळे वेळ जुळवणे सोपे. उपाशी राहायच्या वेळेत प्रसाद आलाच तर कपाळाला लावून पुडीत ठेवा. ऑपरेशननंतर खायला परवानगी मिळाली की पहिला घास त्याचाच घ्या.

अंगावरच्या वस्तू. धातूचे दागिने ऑपरेशनला काढावेच लागतात: रक्तवाहिन्या डागणाऱ्या यंत्राने त्वचा भाजू शकते, बोट सुजले की अंगठी रुतते. मंगळसूत्राऐवजी हळदीचा दोरा चालतो का, ते सर्जनला विचारा. कापायच्या जागेपासून दूर असेल तर सहसा चालतो. काचेच्या काकणांचे मात्र आदल्या दिवशी घरीच बघा. हाताला खोबरेल किंवा साबणाचे पाणी लावून, अंगठा तळव्याकडे मुडपून, एकेक काकण सावकाश उतरवा. हे राहून गेले की तातडीच्या वेळी सिस्टर ती फोडतात किंवा कापतात. नवरा असताना काकण फुटले हे त्या बाईला ऑपरेशनपेक्षा जास्त लागते, आणि ते पूर्णपणे टाळता येण्यासारखे असते.

जानवे, गंडा, स्कॅप्युलर (कॅथलिकांच्या गळ्यातली कापडी पट्टी), ताईत: कापायच्या जागेवर नसेल आणि धातू नसेल तर दुसऱ्या हाताला किंवा पायाला बांधून ठेवायला विचारा. एमआरआयला मात्र धातूचा ताईत किंवा जरीचा दोरा आत जाऊ शकत नाही. कात्री लागण्याआधी स्वतः सोडा आणि नाव लिहिलेल्या पिशवीत घालून घरच्यांकडे द्या.

तपासा, आदल्या रात्री दहा वाजता: उशाशी खाण्याचे काही नाही. पहाटे येणाऱ्या नातेवाइकाला उपाशीची वेळ फोनवर सांगितली आहे. काकणे उतरलेली. कागदाची प्रत केसपेपरमध्ये.

७. वॉर्डातले विधी

ऑक्सिजन चालू असलेल्या खाटेजवळ निरांजन, उदबत्ती, मेणबत्ती काहीही पेटवायचे नाही. बॅटरीची पणती ठेवा. अंगारा कपाळाला लावा, टाक्यांच्या किंवा सलाईनच्या जागेजवळ नको. पाद्री येऊन आजाऱ्याला पवित्र तेल लावतात तो संस्कार कपाळ आणि तळहात यांवर होतो. अतिदक्षता विभागात दोन मिनिटे पुरतात, फक्त सिस्टरना आधी सांगा.

बाळ अत्यवस्थ असेल आणि आईवडिलांना बाप्तिस्मा हवा असेल तर पाद्री पोचेपर्यंत थांबावे लागत नाही. मृत्यूचा धोका असताना कुणीही तो देऊ शकतो. निर्जंतुक, कोमट पाण्याचे दोन-तीन थेंब पुरतात. सटीची, म्हणजे जन्मानंतरच्या सहाव्या दिवसाची, पूजा घरी करा, बाळ इस्पितळात असले तरी चालते. आणि एक वर्षाखालच्या बाळाला मध चाटवू नका, सोन्याच्या अंगठीने तर नाहीच. मधातल्या जिवाणूंच्या बीजांपासून बाळाच्या आतड्यात विष तयार होऊन स्नायू लुळे पडू शकतात.

८. रक्त नको असेल तर

यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाचे लोक रक्त, लाल पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट आणि प्लाझ्मा घेत नाहीत. अल्ब्युमिन, इम्युनोग्लोब्युलिन यांसारखे अंश आणि ऑपरेशनमधले स्वतःचेच रक्त गाळून परत देण्याचे यंत्र हे प्रत्येकाच्या विवेकावर असते. म्हणून प्रत्येक घटकापुढे “हो” किंवा “नाही” असे रुग्णाने स्वतः लिहावे. ऑपरेशन ठरताच हिमोग्लोबिन तपासा. लोह देऊन ते वाढवायला आठवडे लागतात. आणि हा नकार पाळायला आपण तयार आहात का, हे सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांनाही वेगवेगळे विचारा. एकाचा होकार दुसऱ्याला बांधत नाही.

९. यंत्रावर किती दिवस? आधीच लिहून ठेवा

सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. गोव्यात न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी २०२४ मध्ये आपले इच्छापत्र नोंदवले. क्रम असा:

१. कोणत्या अवस्थेत कोणते उपचार नकोत ते लिहा. “त्रास नको” असे मोघम नको. व्हेंटिलेटर, डायलिसिस, छाती दाबून हृदय चालू करणे यांची नावे घ्या.
२. तुमच्या वतीने बोलणाऱ्या एकाहून अधिक माणसांची नावे द्या. मुलगा परदेशी बोटीवर असेल तर इथल्या माणसाचे नाव हवेच.
३. दोन साक्षीदारांसमोर सही करा आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्या.
४. प्रत घरच्यांना, नेहमीच्या डॉक्टरांना आणि पंचायत किंवा पालिकेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याला द्या.

प्रत्यक्ष वेळ आली की इस्पितळातल्या डॉक्टरांचे पहिले मंडळ आणि मग दुसरे मंडळ मत देते, शक्यतो प्रत्येकी ४८ तासांत. उपचार थांबवण्यापूर्वी इस्पितळ न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवते. श्रद्धेची अट इथेच लिहा. कॅथलिक शिकवणीत मरण नुसते लांबवणारे असामान्य उपाय नाकारता येतात, पण नळीने अन्नपाणी देणे सहसा चालू ठेवावे असे मानतात. तेवढी एक ओळ असली की भावंडांतले भांडण वाचते.

सावध: बेशुद्ध माणसाच्या तोंडात गंगाजल ओतू नका, ते श्वासनलिकेत जाते. कापसाच्या बोळ्याने ओठ ओले करा, तुळशीचे पान ओठांवर ठेवा.

शेवटचा श्वास घरी जावा म्हणून रुग्णाला नेणार असाल तर निघण्यापूर्वी दोन गोष्टी ठरवा: वाटेत ऑक्सिजन कोण देणार, आणि घरी मृत्यू झाल्यावर कारणाचा दाखला कोणते डॉक्टर देणार. दुसरी राहिली की स्मशानात अडते.

१०. मृत्यूनंतरचे पहिले सहा तास

अपघात, आत्महत्या किंवा संशयास्पद मृत्यूत शवविच्छेदन घरच्यांच्या नकाराने टळत नाही. दफन लवकर व्हायचे असेल तर विरोधात वेळ घालवण्यापेक्षा पोलिसांचा पंचनामा लवकर व्हावा म्हणून ओळख पटवणारा माणूस आणि कागद हजर ठेवा. नोव्हेंबर २०२१ पासून सोय असलेल्या इस्पितळांत सूर्यास्तानंतरही शवविच्छेदन करता येते. खून, आत्महत्या, बलात्कार आणि घातपाताचा संशय असलेली प्रकरणे एरवी रात्री घेत नाहीत. देहाला कोण स्नान घालणार, स्त्री की पुरुष, हे शवागाराच्या माणसांना आधी सांगा.

अवयवदानात मेंदूमृत्यू चार डॉक्टरांचे मंडळ ठरवते, किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून. तेवढा वेळ घरच्यांना विचार करायला आणि भटजी किंवा पाद्रींशी बोलायला मिळतो. नेत्रदानाला मात्र मृत्यूनंतर साधारण सहाच तास. ठरले असेल तर पापण्या मिटा, त्यांवर ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी द्या, पंखा बंद करा आणि नेत्रपेढीला फोन करा. काम पंधरा-वीस मिनिटांचे असते आणि चेहरा बिघडत नाही, त्यामुळे अंत्यदर्शन पुढे ढकलावे लागत नाही.